दिवस राहिलेल्या बाईचे मन

बडोद्यात मराठी घरातल्या सुनेची पाळी चुकली आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, की घरातली मंडळी एकमेकांना हळूच सांगतात, "तिला दिवस राहिलेत." हीच बातमी शेजारच्या गुजराती बेनकडे पोहोचते तेव्हा ती म्हणते, "सारा दिवसो जाय छे." म्हणजे चांगले दिवस चालले आहेत. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात वाढलेल्या माझ्यासारखीच्या कानांवर हे दोन्ही वाक्प्रचार लहानपणापासून पडलेले असतात, पण त्यांच्यातला फरक मला स्वतःला दिवस राहिले तेव्हाच कळला. मराठी फक्त दिवस म्हणते आणि ते कसे आहेत हे बाईवर सोडते. गुजराती ते चांगलेच आहेत असे आधीच ठरवून टाकते. घरातली माणसेही, भाषा कुठलीही बोलत असली तरी, बहुधा दुसऱ्या वाक्याप्रमाणेच वागतात. दिवस चांगले आहेत असे सगळ्यांनी धरून चाललेले असताना ज्या बाईला ते तसे वाटत नाहीत, तिने ते कोणाला सांगावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. गर्भारपणात मनाचे नेमके काय होते, त्यातले किती साहजिक आहे, आजार कुठे सुरू होतो आणि स्वतःला कसे जपावे, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत येथे सांगितले आहे.

गरोदरपणाच्या चाळीस आठवड्यांत बाईची फाईल जाड होत जाते. ममता कार्डावर किंवा खासगी दवाखान्याच्या फाईलीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, गर्भाशयाची उंची आणि बाळाचे ठोके यांची नोंद होते. या नोंदींमुळे असंख्य बायकांचे आणि बाळांचे जीव वाचले आहेत. मात्र तिला झोप लागते का, भीती वाटते का, आवडीच्या गोष्टी अजून आवडतात का, हे प्रश्न क्वचित विचारले जातात आणि त्यांची उत्तरे त्याहूनही क्वचित लिहिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे 10 टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. विकसनशील देशांत हे प्रमाण गरोदरपणात 15.6 टक्के आणि बाळंतपणानंतर 19.8 टक्के इतके आहे. म्हणजे तपासणीच्या दिवशी बाकावर ओळीने बसलेल्या सात गरोदर बायकांपैकी एकीला हा त्रास असू शकतो. बाकीच्या सहा जणींनाही काहीच होत नसते असे नाही. त्यांना जे होते त्याला आजार म्हणत नाहीत, इतकेच.

सुरुवात शरीरापासून करू, कारण मनातल्या बऱ्याच गोंधळाचे मूळ तिथे असते. गर्भ रुजल्यावर शरीरात इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढू लागतात आणि शेवटच्या तिमाहीपर्यंत वाढतच राहतात. प्रोजेस्टेरॉनमुळे गुंगी येते, आतड्यांची हालचाल मंदावते, पोट जड वाटते. मेंदूतल्या ज्या रसायनांवर आपली मनःस्थिती अवलंबून असते, त्यांच्या कामावरही ही संप्रेरके परिणाम करतात. बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते आणि चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ती ओसरते. काही थोड्या जणींना मात्र ती शेवटपर्यंत सोडत नाही. दिवसभर मळमळणाऱ्या, रात्री तीनदा उठणाऱ्या, फोडणीच्या वासाने स्वयंपाकघराबाहेर पळणाऱ्या बाईला क्षुल्लक कारणाने रडू आले, तर त्यात तिच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही. त्याचबरोबर प्रत्येक अश्रूवर "हार्मोन्समुळे होतेय" असा शिक्का मारणेही बरोबर नाही. संप्रेरकांमुळे मन हळवे होते, हे खरे. पण त्या हळव्या मनाला काय लागते हे घर, पैसा, नोकरी, नवरा, सासर आणि आधीचे अनुभव यांवर ठरते.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल थोडे विस्ताराने बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तो काळ सर्वांत अवघड असूनही त्याच काळात बाई सर्वांत एकटी असते. आपल्याकडे तिसरा महिना संपेपर्यंत बाहेर सांगायचे नाही असा प्रघात आहे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के आपोआप गळतात आणि त्यांतल्या बहुतेक या पहिल्या तिमाहीतच गळतात. पण या प्रघातामुळे उलट्यांनी बेजार झालेली बाई कचेरीत पित्ताचे कारण सांगते, लग्नाच्या पंगतीत पोट बिघडल्याचे सांगते, आणि ज्या मैत्रिणींजवळ तिने मन मोकळे केले असते त्यांनाच टाळू लागते. आणि दुर्दैवाने गर्भ टिकला नाही, तर जी बातमी कोणाला सांगितलीच नव्हती तिचे दुःख तरी कोणाजवळ करायचे? चार दिवसांनी ती कामावर परत जाते आणि तिचे काय गेले हे कोणालाच माहीत नसते. म्हणून मला वाटते की गावभर सांगू नये हे ठीक, पण निदान दोन माणसांना पहिल्या दिवसापासून माहीत असावे. जे झाले ते वाईट झाले असे म्हणून आपल्याबरोबर नुसते बसतील, अशी ती दोन माणसे असावीत. हेही स्पष्ट सांगायला हवे की सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. पाण्याची बादली उचलल्याने, स्कूटरवरून गेल्याने, पपईची एक फोड खाल्ल्याने किंवा कोणाशी भांडण झाल्याने ते होत नाहीत. वर्षानुवर्षे त्या एका बादलीचा अपराध मनात बाळगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट आनंद न होण्याची. हवे असलेले मूल राहिले, नवस फेडायची तयारी सुरू झाली, आणि तरीही बाईला आतून काहीच वाटत नाही, किंवा वाटते ती धास्ती. असे घडते आणि पुष्कळदा घडते. आपण आई व्हायला नालायक आहोत, असा अर्थ ती त्यातून काढते. प्रत्यक्षात दोन परस्परविरोधी भावना एका मनात एकाच वेळी नांदू शकतात. बाळ हवे असणे आणि आजवरचे आपले आयुष्य हातातून जाईल याचे दुःख होणे, यांत काहीही विसंगत नाही. डेना राफेल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने 1973 मध्ये आई होण्याच्या या संक्रमणासाठी इंग्रजीत एक नवा शब्द घडवला आणि पौगंडावस्थेच्या संक्रमणाशी त्याचे नाते जोडले. वयात येताना शरीर, मन आणि घरातले स्थान ही तिन्ही एकदम बदलतात, म्हणून त्या वयातल्या मुलामुलींच्या चिडचिडीला आपण समजून घेतो. आई होताना हीच तिन्ही पुन्हा एकदा बदलतात, पण तेव्हा मात्र आपण बाईकडून फक्त हसरा चेहरा मागतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूची गर्भधारणेपूर्वीची आणि बाळंतपणानंतरची चित्रे ताडून पाहिली गेली. दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या कामी येणाऱ्या भागांत स्पष्ट बदल दिसले आणि ते निदान दोन वर्षे टिकले. आपण पूर्वीसारखे राहिलो नाही असे बाईला वाटते, तेव्हा ते अक्षरशः खरे असते.

बाळाविषयी माया कधी वाटू लागेल, याचे वेळापत्रक नाही. पुष्कळ जणींना पहिली हालचाल जाणवते तेव्हा काही तरी हलते. पहिल्या खेपेला ही हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, पुढच्या खेपेला थोडी आधी कळते. कोणाला सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोका पाहून गहिवरून येते, तर कोणाला बाळ हातात आल्यावर काही आठवड्यांनी. उशिरा आलेली माया कमी प्रतीची नसते.

आपल्या भाषेत या साऱ्याची एक जुनी जाण आहे. 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला आहे, आणि आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांनी चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे. एक हृदय तिचे आणि एक बाळाचे, म्हणून तिची इच्छा डावलू नये, असे ते सांगतात. पुढे आपण या इच्छेचा अर्थ चिंच, आवळा आणि लोणचे यांच्यापुरता आकसून टाकला. पण डोहाळे मनाचेही असतात. एखादीला आठवडाभर कोणाशी न बोलता पडून राहावेसे वाटते, एखादीला तिच्या आईने शेजारी येऊन झोपावेसे वाटते, एखादीला नोकरीवर जात राहावेसे वाटते. काय खावेसे वाटते हे जितक्या हौसेने विचारले जाते, तितक्याच हौसेने हेही विचारता येईल.

बडोद्यात सातव्या महिन्यात मराठी घरी डोहाळजेवण असते आणि गुजराती घरी सीमंत. फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, ओटी, ओव्या, पेढा की बर्फी असा खेळ, हे सारे सुंदर आहे. कोणी तरी आपल्याला मध्यभागी बसवून आपले कौतुक करते, याची मनाला गरज असते. फक्त झोपाळ्यावर बसलेल्या बाईच्या पायांना सूज असते आणि पाठ दुखत असते, हे लक्षात ठेवून तीन तासांचा सोहळा एका तासात आटोपला तर तिला तो अधिक आवडेल. पेढा की बर्फी या खेळात मात्र एक काटा लपलेला असतो. पहिली मुलगी असलेल्या घरात त्या वाट्या उघडताना सगळ्यांचे श्वास थांबतात, आणि बाईचा सर्वांत आधी. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी आहे आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर तशी पाटी असते, पण घरातल्या अपेक्षेला कायद्याची पाटी लावता येत नाही. मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आईच्या खाण्याचा, नवसाचा, झोपण्याच्या कुशीचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही त्या निकालाची भीती नऊ महिने तीच वाहते. "या वेळी मुलगाच होऊ दे" हे वाक्य कोणी लाडाने म्हटले तरी ते तिच्या छातीवर दगडासारखे बसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक ओझे चांगल्या हेतूने लादले जाते. "तू आनंदी राहा, तू जे अनुभवतेस ते बाळ अनुभवते" असे तिला रोज कोणी ना कोणी सांगते. मग ती एक दिवस रडते, आणि रडलो म्हणून बाळाचे काही वाईट झाले असेल या भीतीने पुन्हा रडते. यातले खरे इतकेच आहे की दीर्घकाळ चाललेला तीव्र ताण आणि उपचार न झालेले नैराश्य यांचा संबंध वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. म्हणूनच उपचार महत्त्वाचे. पण एका दिवसाच्या रडण्याने, एका भांडणाने, एका वाईट स्वप्नाने बाळाला इजा होत नाही. ग्रहणाचेही तसेच. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे मानायला वैद्यकशास्त्रात कोणताही आधार नाही. ज्यांना ग्रहण पाळायचे त्यांनी पाळावे, पण त्या दिवशी उपाशी आणि तहानलेले राहणे गरोदर बाईला सोसत नाही, आणि चुकून सुरी हातात घेतली म्हणून पुढचे चार महिने धास्तीत काढणे तर मुळीच सोसत नाही. बाळाशी बोलावे, गावे, वाचून दाखवावे असे वाटत असेल तर जरूर करावे. गर्भाला शेवटच्या महिन्यांत ऐकू येते आणि नवजात बाळ आईचा आवाज ओळखते, हे 1980 पासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. ते गाणे परीक्षेच्या अभ्यासासारखे होऊ नये, एवढेच.

आता साहजिक हळवेपणा आणि आजार यांतला फरक पाहू. साहजिक हळवेपणा येतो आणि जातो. सकाळी रडलेली बाई संध्याकाळी सुरसागरच्या काठावर भेळ खाताना हसते. नैराश्यात दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ, मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटत नाही. त्याबरोबर आपण कुचकामी आहोत असे वाटणे, निर्णय घेता न येणे, विनाकारण अपराधी वाटणे, आणि जगणे नको वाटणे ही लक्षणे असू शकतात. अडचण अशी की थकवा, झोप बिघडणे आणि भूक बदलणे ही नैराश्याची नेहमीची लक्षणे गर्भारपणात तशीही असतातच, आणि त्यामुळे बाईलाच नव्हे तर डॉक्टरांनाही चकवा बसतो. यावर तोड म्हणून 1987 मध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरा प्रश्नावली तयार केली. तिच्यात मागच्या सात दिवसांविषयी दहाच प्रश्न असतात आणि ते शरीराच्या तक्रारींऐवजी मनाविषयी असतात. हसू येते का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, घाबरे होते का, आणि शेवटी, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का. ती बाळंतिणींसाठी बनवली गेली असली तरी गरोदरपणातही वापरतात. ती भरायला पाच मिनिटे लागतात. त्या गुणांवरून निदान होत नाही, पण बोलण्याला सुरुवात होते.

नैराश्याइतकीच चिंताही त्रास देते आणि तिच्याकडे आणखी कमी लक्ष जाते. बाळ हलले नाही असे वाटून तासातासाला पोट चाचपणे, रात्री छाती धडधडून जाग येणे, नको ते भयंकर विचार मनात घुसणे आणि ते आल्याची लाज वाटणे, ही सारी चिंतेची रूपे आहेत. असे विचार येणारी बाई धोकादायक नसते. ती त्या विचारांना घाबरलेली असते आणि तिला मदत मिळू शकते. बाळंतकळांची भीती थोडीफार सर्वांनाच असते, पण काहींना ती इतकी तीव्र असते की त्यापायी त्या मूलच टाळतात किंवा केवळ भीतीपोटी शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात. या भीतीला वैद्यकात 2000 सालापासून स्वतंत्र नाव आहे आणि तिच्यावर समुपदेशनाने उपचार होतो. अर्थात एक भेद येथे सांभाळायला हवा. शेवटच्या तिमाहीत बाळाची हालचाल खरोखर कमी झाली असे वाटले, तर ती चिंता समजून गप्प न बसता त्याच दिवशी दाखवावे.

मनाच्या तक्रारीमागे कधी शरीराचा साधा आजार असतो, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन कमी असले की धाप लागते, उत्साह जातो आणि चिडचिड होते. थायरॉईडची ग्रंथी मंदावली असेल तर हुबेहूब नैराश्यासारखे वाटते. शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्व कमी असणे नेहमीचे आहे. रक्तक्षय टाळण्यासाठी सरकारी केंद्रांत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस रोज दिली जाते. तिने शौचाला घट्ट होते म्हणून पुष्कळ जणी ती गुपचूप बंद करतात. तसे न करता डॉक्टरांकडून वेळ किंवा गोळी बदलून घ्यावी.

स्वतःला जपणे म्हणजे काय, याविषयी सल्ल्यांचा पूर असतो, म्हणून मी जे खरोखर उपयोगी पडते तेवढेच सांगते. झोप सर्वांत वर. रात्रीची मोडलेली झोप दुपारी भरून काढणे हा आळस नव्हे. पोट वाढल्यावर कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपावे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला साधारण 150 मिनिटे चालावे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. बडोद्यात याला कमाटीबागेसारखी जागा नाही. 1879 पासूनच्या तिथल्या झाडांखाली सकाळी सातला चालणाऱ्या बायकांत एखादी गरोदर बाई हमखास दिसते. एप्रिल-मेमध्ये मात्र दहानंतर बाहेर पडू नये आणि पाण्याची बाटली सोडू नये. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, आणि भुकेने मन लवकर उदास होते, म्हणून दर दोन-तीन तासांनी चार घास खावेत. मोबाईलवर रात्री बाराला बाळंतपणाच्या भयकथा पाहण्याची सवय मोडावी. त्याऐवजी मनातले प्रश्न एका वहीत लिहून तपासणीला न्यावेत. दवाखान्यात त्या चार मिनिटांत सगळे विसरायला होते. नवरात्रात सगळे शहर गरब्याला लोटते तेव्हा घरी एकटीने बसण्यापेक्षा मैदानाच्या कडेला, ध्वनिवर्धकांपासून लांब, खुर्ची टाकून तासभर बसावे. त्या गर्दीत आपणही आहोत, एवढेही मनाला पुरते.

ज्या भीतीला कारण असते तिच्यावर धीराच्या शब्दांपेक्षा तयारीचा उपयोग होतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अनेक सोसायट्यांतून बाहेर पडणे अशक्य झाले होते. ज्यांना पावसाळ्यात दिवस भरतात त्यांनी तारखेच्या तीन-चार आठवडे आधी उंच भागातल्या नातेवाइकांकडे राहायला जाण्याचा विचार करावा, फाईल आणि रक्तगटाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. अशी तयारी झाली की त्या रात्रींची झोप परत येते.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या चालीचे मोल मला आता अधिक कळते. तिथे बाई कोणाची सून नसते, उशिरा उठली तरी चालते आणि रडली तरी कारण द्यावे लागत नाही. पण आज बडोद्यातल्या कित्येक मराठी सुनांचे माहेर पुण्याला, नाशिकला किंवा त्याहून लांब असते, आई स्वतः नोकरीत किंवा आजारी असते, आणि काहींना माहेर उरलेलेच नसते. अशा वेळी माहेरपण माणसांकडून मिळवावे लागते. समोरच्या घरातली बेन, कचेरीतली वयाने मोठी सहकारी, एखादी मावशी, आणि अर्थातच नवरा. नवऱ्याने काय करावे असे मला विचारतात तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. प्रत्येक तपासणीला आत जाऊन बसावे, आणि रोज रात्री "बाळ कसे आहे" याच्या आधी "तू कशी आहेस" असे विचारून उत्तर संपेपर्यंत थांबावे. मध्येच उपाय सुचवू नयेत. ज्या घरात नवराच मारतो किंवा धमकावतो तिथे हा सल्ला निरर्थक आहे. गर्भारपणात मारहाण सुरू होते किंवा वाढते अशी उदाहरणे कमी नाहीत, आणि त्यासाठी गुजरातमध्ये 181 ही 'अभयम' महिला हेल्पलाईन दिवसरात्र चालते.

नोकरी करणाऱ्यांनी हक्क माहीत करून घ्यावेत. ज्या आस्थापनांना प्रसूतिरजेचा कायदा लागू आहे तिथे पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांतले 8 आठवडेपर्यंत प्रसूतीपूर्वी घेता येतात. सगळी रजा बाळासाठी राखून शेवटच्या दिवसापर्यंत राबणे अभिमानाचे मानले जाते. शेवटचे दोन आठवडे तरी स्वतःसाठी घ्यावेत, असे माझे मत आहे.

उपचारांविषयीची भीती दूर करणे अत्यंत आवश्यक आहे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात समुपदेशन आणि बोलण्यातून होणारे उपचार पुष्कळदा पुरतात. त्रास तीव्र असेल तर औषधे दिली जातात, आणि गरोदरपणात तुलनेने सुरक्षित मानली जाणारी औषधे उपलब्ध आहेत. आधीपासून मानसिक आजाराची गोळी चालू असलेल्या बाईने पट्टीवर दोन रेघा दिसताच ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. त्याच वेळी, व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला घातक असल्याने, लगेच, शक्यतो मूल ठरवतानाच, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बडोदा मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या सयाजी रुग्णालयात स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. 14416 हा 'टेली-मानस'चा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येते. जगणे नकोसे झाले, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा बेत मनात घोळू लागला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. घरच्यांनी बाईला एकटी न सोडता त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे.

बाळंतपणानंतरचा एक टप्पा आधीच माहीत असलेला बरा. वार पडल्यावर ती वाढलेली संप्रेरके काही दिवसांत झपाट्याने उतरतात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेक बाळंतिणींना कारण नसताना रडू येते. ते दोन आठवड्यांत थांबते. थांबले नाही, तर वर सांगितलेले सारे तेव्हाही लागू होते. शेक, मालीश, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांबरोबर बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळावी, यासाठी रात्रीची पाळी कोणी घ्यायची, हे आठव्या महिन्यातच घरात ठरवून ठेवावे.

माझ्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात मी तपासणीच्या खोलीत रडले होते. "होते असे" म्हणून पुढचे नाव पुकारले गेले, आणि मी पुढचे तीन महिने कोणालाही काही सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला मी घरूनच एक वाक्य पाठ करून गेले. ते येथे देते, कारण खोलीत शिरल्यावर शब्द सुचत नाहीत: "डॉक्टर, गेले दोन आठवडे रोज मला उदास वाटते आहे, झोप लागत नाही आणि कशातच मन रमत नाही; याची तपासणी करून फाईलमध्ये नोंद करा." दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथेही हे वाक्य चालते, आणि गुजरातीत सांगितले तरी चालते.